आत्याबाईंची मोटार

माझ्या सासरी मोटार आली ती आत्याबाईंच्या गुडघ्यांमुळे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तिकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझं माहेर नाशिककडचं, त्यामुळे पहिले काही महिने हे शब्द तोंडात बसायला जड गेले, पण नंतर तेच इतके अंगवळणी पडले की आजही आठवताना दुसरा शब्द येत नाही.

जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुड्याच्या अंगाला, आमचा संत्र्यांचा बगीचा आणि भाजीपाल्याचा मळा होता. खाऊन पिऊन सुखी घर. आत्याबाईंची एकुलती एक मुलगी, माझी नणंद, अमडापूरला दिली होती. अमडापूर म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन-तीन गाड्या बदलायच्या. आत्याबाईंचे दोन्ही गुडघे धरलेले. एस.टी.ची पायरी चढायची म्हणजे खालून दोघांनी उचलायचं आणि वरून एकानं ओढायचं. एकदा नांदुऱ्याच्या स्टँडवर असं चढवताना त्यांच्या लुगड्याचा काष्टा सुटला आणि लोक हसले. त्या दिवसापासून त्यांनी मुलीकडे जाणं बंद केलं. नणंद पहिल्या बाळंतपणाला आली तेवढीच भेट.

मामाजी मलकापूरला जाऊन मोटारीसाठी नाव नोंदवून आले. तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पदरी पैसा असला तरी मोटार लगेच मिळत नसे. नाव लावायचं आणि नंबर येईपर्यंत वाट बघायची. आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितली. माझा मुलगा रांगायचा तो चालायला लागला, बोलायला लागला, आणि मग एका दिवाळीच्या तोंडावर मलकापूरच्या एजन्सीतून निरोप आला की गाडी आली आहे, घेऊन जा.

दुधावरच्या साईच्या रंगाची होती. माझ्या नवऱ्यानं मित्राच्या जीपवर हात बसवला होता, त्यांनीच ती चालवत आणली. आत्याबाईंनी ओवाळलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि कुणाच्याही मदतीशिवाय मागच्या दारातून आत जाऊन बसल्या. दार बुटकं, बैठक खाली. त्यांनी हात फिरवून ती बैठक चाचपली आणि म्हणाल्या, "हे बरं हाये. मले जमते हे."

पहिली कुरबुर आठवडाभरातच झाली. नांदुऱ्याच्या बाजारात ह्यांनी ब्रेक दाबला तर पाय सरळ तळाला टेकला आणि गाडी तशीच पुढे गेली. समोर दुधी भोपळ्यांची हातगाडी होती. चार भोपळे फुटले, माणूस कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. घरी येताना तो अगदी नीट लागत होता. म्हणून तर सांगायला अवघड. हे गाडी घेऊन एजन्सीत गेले. तिथल्या माणसानं ऑइल भरलं, पेडल चार वेळा दाबून दाखवलं आणि सांगितलं, नवी गाडी आहे, ब्रेक बसायला वेळ लागतो.

पुन्हा तसंच झालं. ह्या वेळी आमच्याच अंगणात, गोठ्याच्या भिंतीला गाडी टेकली. पुन्हा मलकापूर. तेव्हा एजन्सीचे मालक स्वतः भेटले. फार गोड बोलणारे गृहस्थ. आधी सरबत, मग पान, मग बोलणं. गाडी त्यांनी ठेवून घेतली. आज या, उद्या या, मिस्त्री गावाला गेलाय, पार्ट मुंबईहून यायचाय. ह्यांनी किती खेपा घातल्या त्याला सुमार नाही. एकदा तर गाडी जिथे उभी केली होती तिथेच, तशीच, चाकांवर धूळ बसलेली सापडली. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. हे तिथे चढ्या आवाजात बोलले तर मालक म्हणाले, "अहो, घरचीच गाडी समजा. परवा तयार."

शेवटी गाडी मिळाली आणि मालकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आता बिनघोर फिरा. नणंदेला दुसरा मुलगा झाला होता, त्याचं बारसं अमडापूरला. आत्याबाईंनी आधीपासूनच मेथीचे लाडू बांधून ठेवले होते. आम्ही निघालो. पुढे हे आणि मामाजी, मागे आत्याबाई आणि मी. मुलाला सर्दी होती म्हणून त्याला जावेकडे ठेवलं. नंतर किती वेळा मनात आलं, बरं झालं ठेवलं.

जाताना काही झालं नाही. मोताळ्यावरून राजूर घाट चढलो, बुलढाणा, चिखली, अमडापूर. बारसं छान झालं. आत्याबाई लेकीच्या घरी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी उंबरा चढल्या. लेक त्यांच्या गळ्यात पडून रडली.

परतताना घाटाच्या माथ्यावर ह्यांनी थांबून ब्रेक दोन-तीनदा दाबून बघितला. लागत होता. आम्ही उतरायला लागलो. दुसऱ्या का तिसऱ्या वळणाला मला ह्यांच्या खांद्यांवरून कळलं की काहीतरी बिनसलंय. खांदे एकदम वर आले. ह्यांनी पाय मारला, पुन्हा मारला. मी नुसता तो आवाज ऐकत होते, बूट पत्र्यावर आपटल्यासारखा.

"बाबा, ब्रेक नाही."

ह्यांचा आवाज अगदी हळू होता. मामाजींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"गेर खाली टाक. डोंगराच्या अंगानं घे."

गाडी किंचाळल्यासारखी ओरडली, थोडी आवरली, पण उतार तीव्र होता. डाव्या हाताला दरी आणि दरीच्या कडेला नुसते चुना लावलेले दगड. डोंगर उजव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. आणि खालून एस.टी. चढत होती. तिचं तोंड वळणावर दिसलं. आत्याबाईंनी वरच्या कातडी पट्ट्याला, जो धरायला असतो त्याला, दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखं धरलं होतं. मी त्यांना कवेत घेतलं. एस.टी.वाल्यानं आमचा भोंगा ऐकून गाडी जागीच थांबवली असावी. आम्ही तिच्या अंगावरून गेलो ते इतक्या जवळून की खिडकीतल्या एका बाईच्या नाकातली चमकी दिसली मला. मग हँडब्रेकचा करकरता आवाज, आणि ह्यांनी गाडी उजवीकडे डोंगराच्या पोटात घातली. मातीचा ढिगारा होता, त्यात एक मोठा दगड. गाडी त्याच्यावर आदळली आणि थांबली.

पट्टा तुटून आत्याबाईंच्या हातात आला होता. पुढच्या बैठकीवर आपटून त्यांचा ओठ फाटला. बाकी कुणाला काही नाही. हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. एस.टी.तली माणसं धावत आली. त्याच लोकांनी चाकांना दगड लावले, आत्याबाईंना उचलून दुसऱ्या, खाली जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

आम्ही घरी गेलो नाही. मोताळ्यावरून थेट मलकापूर, एजन्सीच्या दारात. आत्याबाईंच्या ओठाला पदर लावलेला, त्यावर रक्त. मालकांनी सरबत मागवलं. मामाजींनी पेल्याला हात लावला नाही.

"तुमची गाडी घाटात उभी हाये. घेऊन या तिले. मले नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हन्जे नको. मी ते गाडी घरी नेत नाही."

मालक समजुतीनं हसले. चालवणारा नवखा असला की असं होतं, म्हणाले. उतारावर सारखा पाय ठेवला की कुठलाही ब्रेक तापतो. हे उठून उभे राहिले. मामाजींनी हातानं त्यांना खाली बसवलं.

"नवखा हाये तो. हाव. पन बजारात बी पाय तयाले गेला, घरच्या आंगनात बी गेला. तथी कोनता घाट होता? तीन डाव सांगतलं तुमाले. तुमी म्हन्तलं, बिनघोर फिरा."

त्यानंतर सगळा हिवाळा ह्याच ओढाताणीत गेला. गाडी घाटातून ओढून एजन्सीत आणली, पण मालक म्हणायचे विकलेली गाडी परत घेत नसतात. मामाजी म्हणायचे मग तुमच्याच दारात उभी राहू द्या, मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतो. ते खरोखर जाऊन एजन्सीच्या बाहेर बाकावर बसायला लागले. सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, संध्याकाळी परत. कापसाच्या मोसमात मलकापुरात गर्दी, व्यापारी येणार, मामाजींना ओळखणारे विचारणार, दाजी, इथी काऊन बसले? आणि मामाजी सगळं पहिल्यापासून सांगणार. शेवटी मालक नमले. ठरलं असं, की गाडी ते परत घेतील आणि कंपनीकडे पाठवतील. आमचा नंबर तसाच राहील, पुढच्या खेपेत येणारी गाडी आम्हाला. फक्त मामाजींनी ह्या गोष्टीचा बोभाटा थांबवायचा. मामाजींनी शब्द दिला.

उन्हाळा लागता लागता निरोप आला, गाडी आली. आत्याबाई म्हणाल्या, मी येते. मोटारीला त्या घाबरल्या असतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांना ओवाळायचं होतं. बैलगाडीत गादी घालून नांदुऱ्यापर्यंत, तिथून रेल्वेनं मलकापूर. पिशवीत नारळ, कुंकू, झेंडूची माळ.

एजन्सीच्या आवारात दोन मोटारी उभ्या होत्या. एक आमची, निळी, नवीकोरी. ह्यांनी आधी बसून ब्रेक दाबला, आवारातल्या आवारात चार फेऱ्या मारल्या, भर वेगात दाबून बघितला. ठणठणीत होता. मामाजींचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झाला. मी बोनेटवर माळ घातली.

दुसरी साईच्या रंगाची होती. तिलाही हार होता. तिच्याभोवती एक कुटुंब उभं होतं. चष्मेवाले गृहस्थ, त्यांची बायको, हातात ताट, आणि परकर-पोलक्यातल्या दोन मुली. बोलण्यावरून कळलं की ते बुलढाण्याचे डॉक्टर. म्हणजे घाट त्यांच्या रोजच्या वाटेवरचा.

तशा रंगाच्या गाड्या पुष्कळ असतात. मी सहज बघत होते. उजव्या मडगार्डचा रंग बाकीच्या अंगापेक्षा जरा जास्त पांढरा वाटला. मग मी जवळ गेले, मुलींचं कौतुक करायचं निमित्त करून, आणि मागच्या खिडकीतून आत बघितलं. आत्याबाईंच्या बाजूचा धरायचा पट्टा नवा होता. पलीकडचा तपकिरी, हा काळा, वेगळ्या दोऱ्यानं शिवलेला. आमचा तुटला होता तोच.

मी परत येऊन आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्या बाकावर बसल्या होत्या. मामाजी शेजारीच, त्यांनीही ऐकलं. त्यांनी त्या गाडीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"कंपनीनं दुरुस्त केली असन," ते पुटपुटले.

"कंपनीत गेली होती का ते?" आत्याबाईंनी विचारलं.

"मले काय माहीत? मी शब्द देल्ला हाये. आपली गाडी घ्या, नारय फोडा अन् चाला."

मला वाटलं, झालं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, की असेलही दुरुस्त झालेली. आमची निळी मोटार समोर उभी होती, तिच्यावर ऊन चमकत होतं. तेवढ्यात आत्याबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. मला वाटलं ओवाळायला निघाल्या. त्या आमच्या गाडीवरून पुढे गेल्या. एक एक पाऊल टाकत, थांबत, त्या डॉक्टरांच्या गाडीपाशी गेल्या, मागचं दार उघडलं आणि आत बसल्या.

आधी कुणाला काही समजलंच नाही. डॉक्टरांची बायको हसून म्हणाली, "आजी, तुमची गाडी ती तिकडे. ही आमची."

"हे बी माहीच होती," आत्याबाई म्हणाल्या. "घाटात हिचा बिरेक गेला. आमी मरता मरता वाचलो. मी उतरत नाही. मी आत असली त तुमी हिले नेनार नाही."

ताट धरलेल्या त्या बाईचा चेहरा उतरला. मग तिला राग आला. शुभ वेळेला असं अभद्र बोलावं का, असं काहीसं म्हणाली. मोठ्या मुलीनं आईचा हात धरला. डॉक्टर मालकांकडे वळले. मालक तोवर धावत आले होते.

"अहो, म्हातारं माणूस आहे. अपघात झाला होता त्यांना, तेव्हापासून जरा..." त्यांनी डोक्याशी हात नेला. "ही नवी गाडी आहे, कालच उतरलीय."

मग मामाजींकडे बघून एकदम बारीक आवाजात म्हणाले, "दाजी, सांगा ना त्यांना. उतरा म्हणावं. आपलं ठरलंय."

सगळे मामाजींकडे बघायला लागले. हे निळ्या गाडीच्या दाराला हात लावून उभे होते. मी मामाजींना इतक्या वर्षांत अडखळताना कधी पाहिलं नव्हतं. दिलेला शब्द ते कधी मागे घेत नसत, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते गाडीपाशी गेले, खिडकीत वाकले.

"अवं, उतर खाली."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हात तो काळा पट्टा धरून होता.

"तुमीच सांगा त्याहीले, हे खोटं हाये म्हनून. मंग उतरतो मी."

मामाजी तसेच वाकलेले राहिले. एजन्सीच्या मागून मालगाडी जात होती. तिचा खडखडाट संपल्यावर ते सरळ झाले आणि डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टरसाहेब, बाई खरं सांगून राह्यली. गाडी माही होती. राजूर घाटात ब्रेक गेला. मी परत केली. मंग हिचं काय केलं, काय नाही, मले माहीत नाही. यायले विचारा." त्यांनी मालकांकडे हात केला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तेही कितीतरी वर्षं थांबलेले असणार. चेहऱ्यावर ती निराशा लपत नव्हती. ते मालकांना म्हणाले, "दुरुस्त झाली असेल तर प्रश्नच नाही. तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. घाट उतरून येऊ."

"आज?" मालक म्हणाले. "आज कसं जमणार, बाजाराचा दिवस."

"मग उद्या."

"साहेब, तुम्ही शिकलेले. अशा बोलण्यावर विश्वास ठेवता?"

"उद्या याल का नाही ते सांगा."

मालकांनी सरबत मागवलं. डॉक्टरांनी बायकोच्या हातातलं ताट घेतलं आणि मुलींना म्हणाले, चला. जाताना बाई गाडीपाशी थांबली. आत्याबाईंचा हात धरून तिनं त्यांना उतरायला मदत केली. रागावलेली होती अजून, की रडत होती, मला नीट कळलं नाही. नवऱ्याच्या हातातल्या ताटातलं कुंकू त्यांच्या कपाळाला लावून ती निघून गेली.

मालक मामाजींना म्हणाले, "मग ही निळीही आज मिळत नाही. शब्द तुम्ही मोडलात."

"हाव. मोडला," मामाजी म्हणाले.

मी बोनेटवरची माळ काढली. हे किल्ली हातात घेऊन जरा वेळ उभेच राहिले, मग त्यांनी ती टेबलावर ठेवली. आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. मामाजींनी नारळ फलाटाच्या कडेला फोडला आणि खोबरं आम्हाला वाटलं. आत्याबाईंना पहिला तुकडा दिला.  

मामाजी रागावले होते, बरेच दिवस. आत्याबाईंवर की स्वतःवर, कुणी विचारायची सोय नव्हती. नंबर गेला. भरलेली रक्कम परत मिळवायला वकील करावा लागला. गावातल्या बायका आत्याबाईंना विचारायच्या, एवढ्या माणसांत जाऊन बसायची हिंमत कशी झाली हो? त्या म्हणायच्या, "कायची हिंमत? पाय दुखून राह्यले होते, म्हनून बसली."

अमडापूरहून मग नणंदच येऊ लागली, मुलांना घेऊन. पुढे काही वर्षांनी आम्ही अकोल्याहून एक जुनी जीप घेतली. डॉक्टरांनी एकदा बुलढाण्याहून माणसाबरोबर आत्याबाईंना गुडघ्याला लावायचं तेल पाठवलं. चिठ्ठी नव्हती सोबत. ते तेल त्यांनी फार पुरवून वापरलं.

ती साईच्या रंगाची मोटार पावसाळाभर एजन्सीच्या मागच्या बाजूला, शेडच्या बाहेर, भिजत उभी होती. हे मलकापूरला गेले की बघून यायचे. "हाये का अजून?" आत्याबाई विचारायच्या, आणि हे म्हणायचे, "हाये." दसऱ्याच्या सुमाराला गेले तेव्हा ती जागा रिकामी होती. ह्यांनी आजूबाजूच्या दुकानांत विचारलं, पेट्रोल पंपावर विचारलं. कुणी म्हणालं खानदेशात गेली, कुणी म्हणालं मोडीत काढली. त्यानंतर रस्त्यात त्या रंगाची गाडी दिसली की आत्याबाई जीप थांबवायला लावत आणि मला आत डोकावून बघायला पाठवत. मी जायचे. आमची ती पुन्हा सापडली नाही.